लिंडग्रेनबाईंच्या गोष्टी आणि आपली मुलं

दुपारची भांडी झाली असतील, कुणी शेळ्यांमागे असेल, कुणाच्या पुढ्यात निवडायची डाळ असेल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. मागचे दोन महिने या वेळेला आम्ही व्याज, हप्ता आणि पासबुक यांवरच बोलत होतो. आज एका बाईविषयी बोलायचं आहे, जिने मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. त्या गोष्टींनी मोठ्या माणसांची झोप उडाली, मुलांची मात्र नाही. बाईचं नाव अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन. देश स्वीडन, युरोपच्या पार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावायची वेळ येते.

१९४६ सालची गोष्ट आहे. त्या देशात जॉन लँडक्विस्ट नावाचे मोठे विद्वान प्राध्यापक होते. त्यांनी वर्तमानपत्रात एका पोरीवर टीका करणारा लेख लिहिला. पोरगी खरी नव्हती, पुस्तकातली होती. तिचं नाव पिप्पी. तिचे गुन्हे असे होते की ती लोकांच्या घरी कॉफीला गेली आणि क्रीमचा अख्खा केक एकटीने खाल्ला. वर जमिनीवर साखर ओतून तिच्यावरून अनवाणी चालली. कुठलंही धड मूल असं वागत नाही, हे पुस्तक वाचून मनाला ओरखडा उठतो, असं प्राध्यापकांचं म्हणणं होतं.

आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक काकू पटकन म्हणाल्या, "केकचं जाऊ द्या, पण साखर? किती किलो?" सगळ्या हसलो. खरंच आहे, साखर कोण सांडू देईल? पण पुढे बोलता बोलता लक्षात आलं की प्राध्यापकांचा राग साखरेवर नव्हताच. पिप्पी नऊ वर्षांची आहे. आई ती तान्ही असतानाच गेली, बाप समुद्रात वाहून गेला. एका मोठ्या जुन्या घरात ती एकटी राहते. सोबतीला एक घोडा आणि एक माकड. तिच्याकडे सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी आहे आणि अंगात एवढी ताकद आहे की ती घोडा उचलून अंगणात ठेवते. तिला अनाथाश्रमात न्यायला पोलीस येतात, तर ती त्यांनाच उचलून बाहेर काढते. म्हणजे पैशासाठी कुणापुढे हात पसरायचा नाही, ताकदीला कुणाला घाबरायचं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलू नये हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. तेव्हाच्या स्वीडनमध्येही मुलांना, त्यातून मुलींना, खाली मान घालायला शिकवत असत. खरी अडचण ती होती.

पण त्या पुस्तकातली आम्हाला सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट घोड्याची नाही. पिप्पी अधूनमधून आभाळाकडे बघून वर गेलेल्या आईला हात करते आणि सांगते, काळजी करू नकोस, माझं मी बघते. एवढा दंगा करणारी पोर, आणि आतून एकटी. हे त्या प्राध्यापकांना दिसलं नाही. मुलांना दिसलं असावं.

हे पुस्तक जन्मलं कसं, तेही सांगतो. १९४१ च्या हिवाळ्यात बाईंची मुलगी कारिन आजारी होती, अंथरुणात पडून होती. ती म्हणाली, मला पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग. हे नाव तिने तिथल्या तिथे बनवलेलं होतं. नाव असं विचित्र, म्हणून आईने पोरगीही विचित्र बनवली. पुढे तीन वर्षं गोष्टी तोंडीच चालल्या, आपल्याकडे आजी सांगते तशा. १९४४ मध्ये बाई बर्फावर घसरून पडल्या, घोटा मुरगळला. पडल्या पडल्या करायचं काय, म्हणून त्यांनी त्या गोष्टी लघुलिपीत लिहून काढल्या. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला त्याच गोष्टींची वही भेट दिली. एक प्रत बॉनियर नावाच्या बड्या प्रकाशकाकडे पाठवली. सोबतच्या पत्रात त्यांनी गमतीने लिहिलं होतं की वाचून बालकल्याणवाल्यांना खबर देऊ नका म्हणजे झालं. प्रकाशकाने पुस्तक नाकारलं. दुसऱ्या वर्षी, १९४५ मध्ये, राबेन आणि शोग्रेन या लहान प्रकाशन संस्थेच्या स्पर्धेत त्याच पुस्तकाला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते छापलं गेलं. पुढे ते कितीतरी भाषांत गेलं.

फ्रान्समध्ये मात्र ते छाटून छापलं. एक पोर घोडा उचलते हे तिथल्या मुलांना पटणार नाही, म्हणून घोड्याचं तट्टू केलं. बाईंनी विचारलं म्हणे, तट्टू उचलणाऱ्या एखाद्या फ्रेंच मुलीचा फोटो असेल तर पाठवा.

एक टीका मात्र रास्त होती, ती झाकून ठेवायला नको. पिप्पीचा बाप एका बेटावर राजा झालेला असतो, आणि जुन्या आवृत्तीत त्याच्यासाठी जो शब्द होता तो काळ्या लोकांना हिणवणारा होता. लिहिला तेव्हा तो सर्रास चाले. नंतर वाचकांनी त्यावर बोट ठेवलं आणि २०१५ मध्ये स्वीडनच्या नव्या आवृत्तीत तो शब्द बदलून त्याला दक्षिण समुद्राचा राजा केलं. जातीवरून हिणवणारे शब्द आपल्या बोलण्यातही अजून आहेत. त्यामुळे हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

आता बाई कोण होत्या ते ऐका, म्हणजे पुढच्या पुस्तकांचं कोडं सुटेल. जन्म १९०७ चा. वडील शेतकरी, तेही दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे. व्हिमरबी नावाच्या छोट्या गावाजवळ त्यांचं शेत होतं. चार भावंडं, शेतात कामाला जायची आणि उरलेल्या वेळात झाडांवर असायची. अ‍ॅस्ट्रिड शाळेत निबंध चांगले लिही. तेराव्या वर्षी तिचा निबंध गावच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि पुढे त्याच वर्तमानपत्रात तिला कामाला घेतलं. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले. बाप होता त्याच वर्तमानपत्राचा संपादक, लग्न झालेला, लेकरंबाळं असलेला, तिच्याहून तीसेक वर्षांनी मोठा.

तो लग्न करायला तयार होता. तिने नाही म्हटलं. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणून ती एकटी स्टॉकहोमला गेली आणि टायपिंग, लघुलिपी शिकायला लागली. बाळंतपणासाठी शेजारच्या देशात, डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला गेली. कारण तिथल्या इस्पितळात बापाचं नाव सरकारला कळवावं लागत नव्हतं. १९२६ च्या डिसेंबरमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव लार्स. त्याला तिथेच एका भल्या बाईकडे सांभाळायला ठेवून ती परत आली. नोकरी मिळाली, पण पगार तुटपुंजा. पैसे साठले की आगगाडीने मुलाला भेटायला जायची आणि परत यायची. तीन वर्षं असं चाललं. मग सांभाळणारी बाई आजारी पडली, लार्सला आणावं लागलं. काही दिवस आईजवळ, मग आजी-आजोबांकडे शेतावर. १९३१ मध्ये अ‍ॅस्ट्रिडचं स्टुरे लिंडग्रेन यांच्याशी लग्न झालं, तेव्हा कुठे माय-लेक कायमचे एका घरात आले.

ऊसतोडीला जाताना लेकरू आजीपाशी ठेवणाऱ्या किती जणी हे ऐकत असतील. पोर सहा महिन्यांनी ओळख देत नाही, पदराआडून बघतं, ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं.

म्हणून मग १९५४ च्या त्यांच्या पुस्तकात जो पोरगा आहे, तो कुठून आला हे आम्हाला लगेच कळलं. पुस्तकाचं नाव ‘मिओ, माय सन’, म्हणजे मिओ, माझा मुलगा. स्टॉकहोममध्ये एक अनाथ मुलगा दुसऱ्याच्या घरी वाढतो. सांभाळणाऱ्या बाईला मुलगी हवी होती, आला हा. ती त्याला सतत ते ऐकवते. एका संध्याकाळी तो बागेतल्या बाकावर बसलेला असताना बाटलीतला जिन त्याला भेटतो आणि दूरच्या देशात घेऊन जातो. तिथे त्याचा खरा बाप राजा आहे आणि तो इतके दिवस याचीच वाट बघत होता. पांढरा घोडा, जिवाभावाचा मित्र, मुलं पळवणारा दगडी काळजाचा सरदार, सगळं आहे. पण वाचून संपल्यावर एक टोचणी राहते. हा मुलगा खरंच गेला का? की अजून त्या बाकावरच बसलाय, अंधार पडलाय, आणि ही सगळी त्याची कल्पना? बाईंनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. मोठी माणसं सहसा बाक बघतात. आमच्या मुलांपैकी एकालाही बाक दिसला नाही. सगळ्यांचं एकच मत, गेला तो.

या मुलांची ओळख करून द्यायला हवी. उन्हाळ्याच्या सुट्टीत शनिवारी बैठकीला बायकांबरोबर पोरंही येतात. बचत गोळा होईपर्यंत, इतिवृत्त लिहून होईपर्यंत ती नुसता कालवा करतात. म्हणून बैठकीनंतर अर्धा तास गोष्ट, असं आम्ही ठरवलं. निदान त्या लालचीने तरी गप्प बसतील. आमच्यातली जी बीएपर्यंत शिकली ती इंग्रजीतून वाचते आणि आपल्या बोलीत सांगते. पिप्पी झाली, मिओ झाला, आणि मग आम्ही त्या पुस्तकापाशी आलो ज्याच्यावरून स्वीडनमध्येही वाद झाला आणि आमच्या गटातही झाला.

ते पुस्तक ‘द ब्रदर्स लायनहार्ट’, १९७३ सालचं. म्हणजे सिंहाच्या काळजाचे दोघे भाऊ. बाई तेव्हा पासष्टीच्या पुढे होत्या. त्यांच्या गावच्या दफनभूमीत त्यांना एक लोखंडी क्रूस दिसला होता. त्यावर दोन लहान भावांची नावं आणि साल १८६०. दोघे एकाच वर्षी गेलेले. त्या क्रूसावरून ही गोष्ट सुचली असं त्या सांगत.

गोष्टीत एक गरीब आई आहे. दिवसभर मशीनवर लोकांचे कपडे शिवते. बाप जहाजावर गेला तो परत आलाच नाही. धाकटा कार्ल नऊ-दहा वर्षांचा, सतत खोकणारा, चालताही न येणारा, स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर पडून असतो. थोरला योनाथन तेरा वर्षांचा, देखणा, गुणी. तो धाकट्याला लाडाने ‘स्कोर्पान’ म्हणतो, आपल्या चहात बुडवायच्या टोस्टसाठी त्यांच्याकडचा तो शब्द. एकदा आई गिऱ्हाइकाशी बोलत असते. तिला वाटतं, कार्ल झोपलाय. तो जागा असतो आणि ऐकतो की आपण जगणार नाही.

आता इथे थांबा. आपण काय केलं असतं? "काय तरीच ऐकलंस, असं काही नाही हं," म्हणून विषय बदलला असता. योनाथन तसं करत नाही. कार्ल विचारतो, मी मरणार हे तुला ठाऊक होतं का? योनाथन रडतो आणि हो म्हणतो. मग तो त्याला नांगियालाची गोष्ट सांगतो. ताऱ्यांपलीकडचा एक देश, जिथे अजून गोष्टींचा आणि शेकोट्यांचा काळ चालू आहे. तू आधी जाशील, मी मागून येईन, आणि तिथला काळ असा आहे की तुला वाट बघावी लागणार नाही. पण घडतं उलटं. घराला आग लागते. योनाथन धाकट्याला पाठीवर घेऊन खिडकीतून बाहेर झेप घेतो. धाकटा वाचतो, थोरला जातो. थोड्याच दिवसांत कार्लही त्याच्या मागे जातो आणि दोघे नांगियालात भेटतात. पुढे मोठी लढाई आहे. तेंगिल नावाचा जुलमी राजा आहे, काटला नावाची राक्षसीण आहे, तिच्या आगीचा नुसता स्पर्श झाला तरी माणूस लुळा पडतो. तो स्पर्श शेवटी योनाथनलाच होतो. तेव्हा धाकटा त्याला पाठीवर घेतो आणि दोघे त्या जगातूनही पुढच्या जगात जातात, कड्यावरून उडी घेऊन.

या शेवटावर स्वीडनमधले काही समीक्षक चिडले. मरण हा अडचणीवरचा उपाय म्हणून मुलांना दाखवायचा का? मुलांनी याचा भलताच अर्थ घेतला तर? काहींना राग होता की चांगले एकीकडे आणि दुष्ट दुसरीकडे असं सोपं जग कशाला रंगवता. पण मुलांचं वागणं वेगळंच होतं. बाईंना ती पत्रं लिहीत, आणि त्यांत मुख्य प्रश्न असा की पुढे काय झालं? दोघे तिथे पोचले ना? आजही स्वीडनमध्ये मूल दगावलं की मृत्यूच्या सूचनेत ‘नांगियालात भेटू’ अशा अर्थाचे शब्द लिहिणारे आईबाप आहेत. ज्या पुस्तकाला समीक्षक मुलांसाठी भयंकर म्हणत होते, त्यातलं गाव लोकांनी आपल्या दुःखाला नाव म्हणून घेतलं.

आमच्या गटात वाद पेटला तो गोष्ट सांगण्याच्या आधीच, कारण आधी ती आम्ही मोठ्यांनी ऐकली. दोन-तीन जणी म्हणाल्या, लेकरांपुढे मरणाचं कशाला, अशुभ बोलणं आहे. दुसऱ्या म्हणाल्या, ‘श्यामची आई’ आपण सगळ्यांनी शाळेत असताना रडत वाचली, त्यात काय आई जगते? आणि भोपळ्यातल्या म्हातारीला खायला वाघ बसलेला असतोच की. यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

पण एक ताई गप्प होत्या. कर्जापायी त्यांच्या घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने जीव दिला, त्याला चार वर्षं झाली. शेवटी त्या म्हणाल्या, "आगीचं सांगा. आजाराचं सांगा. कड्याचं सांगू नका." त्यावर कुणी वाद घातला नाही. स्वीडनमधल्या समीक्षकांना बावळट म्हणणं लांबून सोपं आहे. आम्हाला वाटतं त्यांचं भय पोकळ नव्हतं. पुस्तक तेच, पण ज्या घरात ते उघडायचं ते घर बघून उघडावं लागतं. आमच्या तालुक्यात अशी घरं आहेत, त्यांतली लेकरं आमच्या सतरंजीवर बसतात.

याच्या उलट दुसरं घर. हे आम्ही त्या ताईंना विचारून सांगतो आहोत, गाव आणि नाव सोडून. त्यांचे मालक दोन वर्षांपूर्वी काविळीने गेले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला मामाच्या घरी पाठवलं आणि आल्यावर सांगितलं, पप्पा सुरतेला कामाला गेलेत. घरातला फोटो काढून पेटीत ठेवला, म्हणजे पोर विचारणार नाही. सासूबाईंनी, जावेने, शेजारणींनी, सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. सगळ्यांनी मायेपोटीच केलं. पोर दिवाळीला एसटी स्टँडवर जाऊन बसायचं. शाळेत कुणीतरी त्याला म्हणालं की तुझा बाप मेलाय. त्याने त्या मुलाचं डोकं फोडलं. मार खाल्ला, पण का मारलं ते घरी सांगितलं नाही.

त्या शनिवारी आम्ही फक्त अर्धी गोष्ट सांगितली. स्वयंपाकघरातलं बाकडं, आईचं मशीन, खोकला, आणि भावाने खरं उत्तर दिलं तो प्रसंग. आग सांगितली. नांगियालात दोघे भेटले, नदीकाठी मासे धरायला बसले, तिथे थांबलो. आम्हाला वाटलं होतं पोरं घोड्यांबद्दल विचारतील. पहिला प्रश्न या मुलाचा आला. "मग त्यांची आई एकटीच राहिली का?"

कुणालाच पटकन बोलता येईना. सांगणारीने खरं ते सांगितलं की हो, ती एकटी राहिली, पुस्तकात तिचं पुढे फारसं येत नाही. मुलगा म्हणाला, "मग तिला कुणी सांगितलं का, की ते तिथं बरे आहेत?" ताई मागे बसल्या होत्या, हातात बचतीची वही होती. त्या उठून बाहेर गेल्या.

त्याच रात्री त्यांनी मुलाला सांगितलं. सगळं सांगितलं, इस्पितळ, डोळे पिवळे झालेले, शेवटचा दिवस. त्यांनी नंतर आम्हाला जे सांगितलं ते आम्ही विसरणार नाही. मुलगा म्हणाला, "मला ठाऊक होतं. तुला ठाऊक नाही असं मला वाटत होतं." दोन वर्षं तो आईपासून ही गोष्ट लपवत होता, तिला त्रास नको म्हणून.

गोष्टीने हे घडवलं असं आम्ही म्हणणार नाही. ताईंच्या मनात ते कधीचं होतं, त्यांना कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. शिवाय सगळंच सुरळीत झालं असंही नाही. त्यानंतर आठवडाभर मुलगा रात्री झोपेतून उठून आई आहे का ते चाचपून बघायचा. सासूबाई अजून आमच्यावर नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, लेकराचं बालपण आणखी दोन वर्षं टिकलं असतं. त्यांचा लेक गेलाय. त्यांच्याशी वाद घालायला आम्ही गेलो नाही.

लिंडग्रेनबाईंचं या बाबतीत कसं होतं, तेही सांगतो. म्हातारपणी त्या आणि त्यांच्या बहिणी रोज फोनवर बोलत. फोन उचलला की पहिले शब्द ‘मरण, मरण’. म्हणजे तो विषय आधी उरकून टाकायचा आणि मग इकडचं तिकडचं बोलायचं. आमच्या बैठकीतल्या दोन आज्यांना हे इतकं आवडलं की त्या आता एकमेकींना रामराम करायच्या आधी तेच म्हणतात आणि खोकला येईपर्यंत हसतात.

आणखी एक सांगायचं राहिलं, ते गटातल्या हिशेबनीसांसाठी. १९७६ मध्ये बाईंनी हिशेब केला तर त्यांच्या वरच्या कमाईवर कर बसत होता शंभरातले एकशे दोन. म्हणजे कमवा आणि वर पदरचे द्या. त्यांनी त्यावर वर्तमानपत्रात एक परीकथाच लिहिली. अर्थमंत्री म्हणाले, बाईंना गोष्टी लिहिता येतात, हिशेब येत नाही. बाईंनी उत्तर दिलं की गोष्टी रचायला मंत्री शिकलेत आणि हिशेब मला येतो, तर आम्ही कामांची अदलाबदल करावी. हिशेब बाईंचाच बरोबर निघाला. त्याच वर्षी चाळीसहून अधिक वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. कारणं आणखीही होती, पण त्या परीकथेची चर्चा गावोगाव झाली होती.

दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, जर्मनीच्या पुस्तक व्यावसायिकांनी त्यांना शांतता पुरस्कार दिला. भाषण आधी मागवून घेतलं, वाचलं, आणि कळवलं की बाई, भाषण नको, नुसते आभार माना. बाईंनी कळवलं, भाषण नसेल तर मीही येत नाही. शेवटी त्यांना बोलू दिलं. त्या भाषणात एका आईची गोष्ट होती. मुलाने काही चुकीचं केलं, आईने त्याला सांगितलं, जा, तूच छडी शोधून आण. मुलगा बराच वेळाने रडत आला आणि म्हणाला, छडी मिळाली नाही, हा दगड घे, हा मला मार. त्याच्या बिचाऱ्याच्या डोक्यात एवढंच की आईला मला दुखवायचंय, मग दगडानेही चालेल. आई त्याला जवळ घेऊन रडली. तो दगड तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला, रोज दिसावा म्हणून. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, घरातही मुलांना मारायला बंदी करणारा कायदा स्वीडनने केला. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, घरातलं घरातच आहे. एसटी स्टँडवर बसणारं ते पोर डोकं फोडून आलं तेव्हा त्याला मारण्याआधी कुणी कारण विचारलं असतं तर, एवढंच आमच्या मनात येतं.

लिंडग्रेनबाई २००२ च्या जानेवारीत गेल्या, वय चौऱ्याण्णव. त्यांना मुलांकडून आणि मोठ्यांकडून आलेली हजारो पत्रं स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. त्या स्वतः व्हिमरबीला, त्याच दफनभूमीत आहेत जिथे त्यांनी त्या दोन भावांचा क्रूस पाहिला होता.

आमच्याकडे पुस्तक अजून अर्धं राहिलंय. तेंगिल यायचाय, काटला यायचीय. मुलं दर शनिवारी विचारतात. ताईंच्या घरी फोटो पेटीतून निघून भिंतीवर लागला आहे, हार मात्र मुलाने घालू दिला नाही, नुसता फोटोच हवा म्हणाला. कड्याचं सांगायचं की नाही यावर गटात अजून दोन मतं आहेत, आणि ज्या ताईंनी नको म्हटलं होतं त्यांनीच परवा विचारलं की पुढे ते दोघे पोचतात ना नक्की. आम्ही त्यांना पुस्तक दिलं आहे. त्यांची मुलगी दहावीला आहे, ती त्यांना वाचून दाखवते आहे. त्या वाचून झाल्या की सांगतील, तसं करू.